लस घ्यायची की नाही, हे कोणी ठरवायचं?

(नवी दिल्लीतील द्वारका येथे राहणाऱ्या मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंबमेळाव्यात, महाराष्ट्रातून फेडरेशनच्या बैठकीसाठी आलेल्या रेल्वे युनियनच्या एका सचिवांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि गँगमन म्हणून लाइनवर लागलो. खांद्यावर घण आणि हातात फावडं, अशी माझी सुरुवात. त्यामुळे लशीच्या आत काय असतं हे सांगायला मी उभा राहिलेलो नाही. ते सांगणारी शहाणी माणसं वेगळी आहेत. मी बोलणार आहे ते कामगाराने निर्णय कसा करावा, आणि त्यात युनियनने काय करावं, एवढ्यापुरतं.

आज सकाळी चहाच्या वेळी इथल्या एका भगिनीने मला विचारलं, "दादा, मुलगी बारा वर्षांची झाली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस घ्या म्हणतात. शेजारीण म्हणते घेऊ नका, फोनवर काय काय येतं. तुमची युनियन काय म्हणते?" मी म्हणालो, "ताई, दुपारच्या भाषणात सांगतो." ठरलेला विषय पेन्शनचा होता. तो बाजूला ठेवतो. पेन्शनवर आपण पुन्हा बोलू. त्या ताईला उत्तर देणं जास्त जरुरीचं आहे, कारण पूर्वी एकदा मला असाच प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर चुकीचं दिलं होतं. ते पुढे सांगतो. आधी थोडं मागे जाऊ.

प्लेगचा धडा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरणी कामगार शहर सोडून गावाकडे पळाले. गाड्या भरभरून गेल्या. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा केला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उभं करून तपासणी सुरू झाली. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. देवघरात गेले, बायाबापड्यांना बाहेर काढलं, सामान जाळलं. त्याचा शेवट काय झाला, ते शाळेत आपण सगळे शिकलो आहोत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच वर्षी मुंबईत दुसरं एक काम चाललं होतं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या जागेत हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता. रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा ज्यू माणूस. लस तयार झाल्यावर त्याने ती पहिल्यांदा कोणाला टोचली? गरिबाला नाही, हमालाला नाही. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, तो त्यातून उठला. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या, स्वतःहून तयार झालेल्या कैद्यांना दिली. पुढे आगाखानांनी आपल्या समाजाची भीती जावी म्हणून लोकांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेला जागाही दिली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट आपल्याला माहीत आहे. १९२५ सालापासून ती त्याच्या नावाने आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ ला मुंबईत प्लेगनेच गेले. हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली त्याला तेव्हा एक महिना झाला होता. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांना लागण झाली. ज्यांनी आपल्याला उभं केलं, ती माणसं लस घराघरांत पोहोचण्याआधी गेली. लशीची चर्चा निघते तेव्हा मला ही दोन नावं आठवतात.

पण मी दुसरी बाजूही सांगणार आहे, कारण अर्धं सांगणाऱ्यावर कामगार विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ धनुर्वाताने मेले. सगळ्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. ठपका हाफकिनवर आला, त्याची नोकरी गेली. बाटली प्रयोगशाळेत बिघडली नव्हती, तर गावात ती उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट शुद्ध न करता वापरला, असं दिसून आलं. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. तोवर लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. प्लेगने पुढच्या दोन-अडीच दशकांत देशात एक कोटीच्या वर माणसं नेली.

यातून मी दोन गोष्टी घेतो. बंदूक दाखवून केलेलं चांगलं कामही लोकांना शत्रूचं काम वाटतं. आणि हलगर्जीपणा एका चिमट्याचा असला तरी त्याची किंमत हजारो लोक मोजतात.

माझी चूक

आता २०२१ सालावर येतो. १६ जानेवारीला देशात कोविडची लस सुरू झाली. इथेच दिल्लीत, एम्समध्ये, एका सफाई कामगाराने पहिली लस घेतली. तेव्हा माझ्यासारख्याच्या मनात पहिला विचार आला, "पहिला मान कामगाराला कसा काय दिला? एरवी तर देत नाहीत!" संशय हा आपला स्वभाव झाला आहे. तीस वर्षं प्रशासनाशी वाटाघाटी केल्यावर दुसरं काय होणार?

संशयाला कारणंही होती. एका लशीला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या शेवटच्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल यायचे होते. दिल्लीतल्याच एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी लेखी कळवलं की आम्हाला ती नको, दुसरी द्या. दुसऱ्या लशीच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे सांगितलं, मार्चमध्ये सहा ते आठ केलं, मे महिन्यात बारा ते सोळा. गँगमध्ये माणसं विचारायची, "ह्यांनाच नक्की माहीत नाही, मग आपण दंड का पुढे करायचा?" मला हा प्रश्न रास्त वाटत होता. आजही वाटतो.

आमच्या विभागात एक कीमन होता. नाव घेत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. वय ५१, साखरेचा आजार. आमच्या शाखेचा पंचवीस वर्षांचा सभासद, संपात माझ्या बाजूला बसलेला माणूस. १ मार्चपासून ४५ च्या पुढच्या आजारी लोकांना लस मिळू लागली होती. तो मला भेटला आणि म्हणाला, "आप्पा, दाखला मिळतोय. घेऊ का?"

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "थांब रे जरा. आधी साहेब लोकांना घेऊ दे. काय होतं ते बघू."

बंधूंनो, हे मी कोणताही अभ्यास न करता बोललो. कोणा डॉक्टरला विचारलं नव्हतं. त्याला साखर आहे, तो रोज बारा जणांबरोबर काम करतो, घरी म्हातारी आई आहे, यातलं काही मी मनात आणलं नाही. साहेबांवर एक टोमणा मारायची संधी होती, ती मी घेतली. तो हसला आणि सायकलवर बसून गेला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो गेला. ऑक्सिजनची काय परिस्थिती होती ते दिल्लीकरांना मी काय सांगू. आपल्याच रेल्वेची पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस १९ एप्रिलला कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. २७ एप्रिलला रायगडहून, म्हणजे छत्तीसगडच्या रायगडहून, एक गाडी इथून जवळच दिल्ली कँटला लागली. तुमच्या द्वारकेत सेक्टर ९ मधलं इंदिरा गांधी रुग्णालय पुरतं तयार होण्याआधीच मे महिन्यात कोविडसाठी उघडावं लागलं. त्या दिवसांत गाड्या चालवणारे, लाइन राखणारे आपलेच लोक होते. मे महिन्यात रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी आकडा सांगितला, तोवर १,९५२ रेल्वे कर्मचारी कोविडने गेले होते. त्यातला एक आमचा कीमन.

मार्चमध्ये लस घेतली असती तर तो वाचला असता का? छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. एक डोस झाला असता, काही बळ आलं असतं, कदाचित घरीच बरा झाला असता, कदाचित नाही. पण त्याची ती संधी माझ्या एका वाक्याने गेली. दहाव्याला गेलो तेव्हा वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "आप्पा, ते तुमचं ऐकायचे." रागाने म्हणाल्या नाहीत. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन लस घेतली आणि शाखेच्या फलकावर स्वतःच्या हाताने लिहिलं की सचिवाने लस घेतली आहे, आणि मार्चमध्ये सचिवाने दिलेला सल्ला चुकीचा होता. काही पदाधिकारी म्हणाले, असं लिहू नका, युनियनची इज्जत जाते. मी म्हणालो, चूक लपवणाऱ्या युनियनची इज्जत असून काय उपयोग?

सक्तीचा प्रश्न

आता तुम्ही म्हणाल, मग सचिवसाहेब, लस सगळ्यांना सक्तीची करा. नाही. तिथेही मला दुसरी बाजू दिसली.

त्याच वर्षी पुढे एका कार्यालयातून तोंडी हुकूम आला की लस न घेतलेल्याला हजेरी मिळणार नाही, त्याची रजा कापा. कागदावर सही करायला मात्र कोणी तयार नव्हतं. आमच्या एका ट्रॅकमनची आठ दिवसांची रजा अशी गेली. युनियन त्याच्या बाजूने उभी राहिली, निवेदन दिलं, रजा परत मिळवली. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच लोकलमध्ये बसता येऊ लागलं. ज्याचं पोट लोकलवर आहे त्याला ही कागदावर सक्ती नसली तरी सक्तीच होती.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ ला निकाल दिला. त्यातल्या तीन गोष्टी कामगाराने पाठ कराव्यात. एक, कोणाच्याही अंगात त्याच्या मर्जीविरुद्ध लस टोचता येणार नाही, घटनेच्या कलम २१ मध्ये माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क येतो. दोन, सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी म्हणता येणार नाही आणि सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं, पण ती प्रमाणात असली पाहिजेत. तीन, लशीचे दुष्परिणाम नोंदवण्याची आणि लोकांना कळण्याची सोय पाहिजे. न्यायालयाने लसही वाचवली आणि माणसाचा हक्कही वाचवला. आपली भूमिका यापेक्षा वेगळी असायचं कारण नाही.

त्या ट्रॅकमनची रजा परत मिळाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "आता तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. आता सांग, का घेत नाहीस?" तेव्हा खरं कारण बाहेर आलं. त्याच्या भावाला लशीनंतर दोन दिवस सणकून ताप आला होता. भाऊ कंत्राटी. दोन दिवसांची मजुरी गेली आणि तिसऱ्या दिवशी जागेवर दुसरा माणूस. स्टेशनवर झाडू मारणाऱ्या एका बाईनेही मला हेच सांगितलं होतं, "ताप आला तर दोन दिवसांचे पैसे कोण देणार?" आपण समजत होतो की ही माणसं अडाणी आहेत, अफवांना भुलली आहेत. त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा चोख होता. त्या ट्रॅकमनने महिनाभराने स्वतःहून लस घेतली. कारण विचारलं तर म्हणाला, "तुम्ही घरी आलात म्हणून."

टपालवाल्या बांधवांना हे वेगळं सांगायला नको. लॉकडाऊनमध्ये पोस्टमन आणि ग्रामीण डाकसेवक दारोदार औषधं आणि पेन्शनचे पैसे पोहोचवत होते. मशीनवर शंभर जणांचे अंगठे घेत होते. त्यांना लस हवी होती तेव्हा ती मिळत नव्हती हेही खरं. २२ मे २०२१ ला याच दिल्लीत ४५ च्या खालच्यांची केंद्रं लस संपली म्हणून बंद पडली. नोंदणीला मोबाइल पाहिजे, तोही इंग्रजी समजणाऱ्याचा. ज्याच्यापर्यंत लस पोहोचतच नाही, त्याला निर्णयाचं स्वातंत्र्य देऊन काय फायदा?

निर्णय कसा करावा

आता त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर. ताई, युनियन तुमच्या मुलीसाठी निर्णय करणार नाही. पण निर्णय कसा करावा हे चुकून शिकलेला माणूस म्हणून सांगतो.

पहिलं, कोणाला विचारायचं ते ठरवा. शेजारणीला नको, फोनला नको, आणि माझ्यासारख्या पुढाऱ्याला तर मुळीच नको. आपल्या रेल्वेच्या दवाखान्यातल्या किंवा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारा. एकाने नीट सांगितलं नाही तर दुसऱ्याला. विचारायला लाजू नका. सिग्नलचा अर्थ कळला नाही तर आपण गाडी पुढे नेतो का?

दुसरं, दोन्ही पारड्यांत वजन टाका. लशीचा धोका किती, आणि लस न घेतल्याचा किती? धोका शून्य आहे असं जो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोविशील्डच्या मूळ ब्रिटिश कंपनीने २०२४ साली तिथल्या न्यायालयात मान्य केलं की अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होऊ शकतो. तो त्रास जगाला २०२१ पासून माहीत होता. पण ही बातमी वाचून "बघा, आम्ही म्हणत होतो" म्हणणाऱ्यांनी एप्रिल २०२१ आठवावा. त्या महिन्यात स्मशानात रांगा लशीमुळे लागल्या नव्हत्या.

तिसरं, आपल्या निर्णयाची झळ कोणाला लागते ते बघा. गँगमध्ये एकटा माणूस काम करत नाही. आरएमएसमध्ये एकटा सॉर्टर बसत नाही. घरी म्हातारे आईबाप असतात. माझं शरीर माझं, हे खरं. पण माझा खोकला माझ्यापुरता राहत नाही.

चौथं, संमती खरी असू द्या. मुलींच्या याच लशीच्या बाबतीत २००९-१० साली खम्मम आणि वडोदरा इथे एक प्रकल्प झाला. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण संमती घेण्याची पद्धत चुकीची होती असा ठपका संसदेच्या समितीने २०१३ साली ठेवला. गरीब आदिवासी मुलींच्या आईबापांना विचारायची गरज कोणाला वाटली नाही. त्यामुळे एका उपयोगी लशीबद्दल वर्षानुवर्षं संशय राहिला. आता पुण्याच्या सीरम संस्थेने याच रोगावर भारतीय लस काढली आहे. २०२२ साली तिला परवानगी मिळाली. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्याला उत्तेजन देऊ असं सरकारने सांगितलं. ताई, तुम्ही स्वतः डॉक्टरसमोर बसा, मुलीलाही बसवा, विचारा, आणि सही तुमच्या हाताने करा. माझं मत विचाराल तर माझ्या नातीची वेळ येईल तेव्हा मी तिला घेऊन जाणार आहे. ते माझं मत. निर्णय तुमचा.

युनियनचं काम

शेवटी युनियनने काय करायचं? साथ येईल तेव्हा निवेदन लिहायला बसून चालणार नाही. आजच मागण्या मांडू. लस घेतल्यावर ताप आला तर दोन दिवसांची पगारी रजा, कायम कामगाराला आणि कंत्राटी कामगारालाही. माहितीपत्रक त्याच्या भाषेत, मराठी माणसाला मराठीत. लस कामाच्या जागी, ड्यूटीच्या वेळेत. दुष्परिणाम झाला तर नोंद, उपचार आणि भरपाई. लस घेतली नाही म्हणून लेखी हुकुमाशिवाय आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कोणाची हजेरी कापायची नाही. आणि एक मागणी प्रशासनाकडे नाही, आपल्याकडेच. पदाधिकाऱ्याने आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीवर सभासदाला सल्ला द्यायचा नाही. "मला माहीत नाही, चल, डॉक्टरकडे मी तुझ्याबरोबर येतो," एवढं म्हणायचं.

भारतातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात कुठे सापडला माहीत आहे? आसाममधल्या करीमगंज रेल्वे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर. तिथे राहणारी एक निराधार बाई होती. म्हणजे तो रोग आपल्या प्लॅटफॉर्मपर्यंत येऊन संपला. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा रोगी सापडलेला नाही. ह्या गोष्टी लाखो आईबापांनी स्वतः ठरवून आपल्या लेकरांना पुढे केलं म्हणून झाल्या. देवीच्या मोहिमेत काही ठिकाणी जबरदस्तीही झाली, हेही खरं.

मार्च २०२१ मध्ये मला "चल, मी तुझ्याबरोबर येतो" एवढंच म्हणायचं होतं. दवाखाना आमच्या शाखा कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवर होता. तुम्हाला कोणी असं विचारलं, तर ती दहा मिनिटं द्या.

कामगार एकजुटीचा विजय असो!